आत्या बबलगमचा फुगा शिकली

आत्याचं तोंड वाकडं झालं तेव्हा गोव्यात राजभाषेचा वाद ऐन भरात होता. सकाळी चहात बुडवलेला उंडा पाव खाताना चहा तिच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळून पातळावर सांडला, तेव्हा आम्हाला कळलं. उजवा डोळा मिटत नव्हता. हसली तर चेहरा अर्धाच हसायचा. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हा अर्धांगवायू नव्हे, चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे, बहुतेक सगळं पूर्ववत होईल. गोळ्या घ्या, डोळा जपा, आणि गाल-ओठांना व्यायाम म्हणून फुगे फुगवा.

आमचं घर पेडण्यातलं, इब्रामपूरच्या वाटेवरचं, आणि पक्कं मराठीवालं. कोकणीबरोबर मराठीलाही राजभाषेचा मान हवा म्हणून वडील पत्रकं लिहायचे. आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, ती देवळाच्या सभामंडपात वाचून दाखवायची. गावातल्या बऱ्याच बायांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यापर्यंत पत्रक पोचायचं ते आत्याच्याच तोंडून. मी तेव्हा नववीत होते. अक्षरं मी वडिलांच्या अशाच जुन्या पत्रकांवर गिरवली होती, त्यामुळे ‘जाहीर निषेध’ मला ‘कमळ’च्या आधी वाचता आलं.

पुढची सभा पंधरवड्यावर आली होती. जेवताना वडील म्हणाले, “ह्या खेपेक मास्तर वाचतले. तू घरा रव. लोक हसतले.”

मराठीचा लढासुद्धा आमच्या घरात असा आमच्या बोलीतच चालायचा.

“हसले तर हसूंदे,” आत्या म्हणाली. ‘म्हणाली’ तरी काय, तिचा ‘फ’ नुसता वारा होऊन निसटायचा आणि ‘ब’, ‘म’ ओठांवर टिकायचे नाहीत. वडील भात कालवत राहिले. मला संताप आला. कुणाचंही तोंड बंद करता येणार नाही, असं ज्यांनी मागच्याच पत्रकात लिहिलं होतं, ते सख्ख्या बहिणीला गप्प बसवत होते. मी तसं बोलूनही दाखवलं. “जेव,” एवढंच उत्तर आलं.

रबरी फुग्याचा प्रयोग फसला. रबर ताठ, तिचा ओठ ढिला. फुगा सुटून चुलीकडे उडायचा. मग मी पसऱ्यावरून, म्हणजे वाटेवरच्या दुकानातून, बबलगम आणले. या विद्येत मी शाळेत सगळ्यांत पुढे होते.

जनेलात, म्हणजे खिडकीत, आरसा टेकवून शिकवणी सुरू झाली. मी तिला सांगितलं, की आधी साखर पूर्ण जाऊ दे. गोड असेपर्यंत फुगा फाटतोच. मग जिभेने गोळा दातांच्या मागे चपटा कर, मधोमध जीभ खुपस, ओठ आवळ, जीभ मागे घे आणि पोटातून हळू वारा सोड. गालातून फुंकायचं नाही. आत्या सगळं बरोबर करायची, पण उजवीकडून वारा पळायचा आणि गम हनुवटीवर येऊन पडायचा. तो कोपरा ती बोटाने दाबून धरायला लागली.

शेजारच्या घरातला काका कोकणीवाला. त्याने जनेलातून हे पाहिलं आणि ओरडला, “बाय, कोंकणी सोडून मराठी उलयल्यार तोंड वांकडें जातलेंच!”

आत्याने गम गालात सरकवला. “आनी तुजें? कोंकणी उलोवनय तुजें तोंड केन्ना सरळ आशिल्लें?”

तो खो खो हसला. दुसऱ्या दिवशी मूठभर बबलगम घेऊन आला. “घे. तोंड बरें कर, मागीर झगडूंया.”

आधी वाटाण्याएवढा फुगा आला. मग सुपारीएवढा, तोही डावीकडे कललेला. सभेच्या आदल्या दिवशी तिने बोट काढून फुगा धरला, आणि फुटल्यावर नाकाला चिकटलेला गम खरवडत म्हणाली, “पुरे. उद्यां मीच वाचतलंय.” तोंड सरळ झालं नव्हतं. ‘ब’ मात्र परत आला होता.

सभेत मास्तर उठण्याआधीच ती उभी राहिली आणि त्यांच्या हातून पत्रक घेतलं. मास्तरांनी बिचाऱ्यांनी ते लगेच देऊन टाकलं. त्यांनाही ते वाचायचं नव्हतंच. आत्याने सुरुवात केली. पहिल्या ओळीत ‘फक्त’ होता, तो फुसकन गेला. पुढच्या रांगेतली पोरं फिसकन हसली. ती थांबली, ओठ आवळले, तोच शब्द पुन्हा म्हणाली. तो आला. पण पुढे वाक्यं लांब होती, वडिलांना लांब वाक्यांची हौस. एका वाक्यात ती तीनदा अडखळली. मंडपात कुजबुज सुरू झाली. वडील उठले, तिच्याजवळ गेले आणि कागदासाठी हात पुढे केला.

तिने कागद दिला नाही. छातीशी धरला.

“तिकाच वाचूंदे रे!” मागून, खांबापाशी बसलेल्या म्हाताऱ्या बायांतून आवाज आला. “बाय, आमकां मागे कळाक नाय. पयल्यापासून वाच. सावकाश.”

वडिलांनी हात मागे घेतला. मग बाजूला होऊन मास्तरांशेजारी खाली बसले.

आत्याने डोळ्याचं पाणी पदराने टिपलं (ते त्या दिवसांत आपोआप गळायचं) आणि पत्रक पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. लांब वाक्यं ती जिथे दमेल तिथे तोडत गेली.