एक कवटी, तीन हात

आमच्या लॅबमध्ये मेंढ्यांच्या कवट्या येतात, त्यांची मापं वहीत जातात आणि चुकलेली मापं किस्से होऊन चहाच्या टेबलावर साठत राहतात. सांगताना हसू येतं. घरी जाताना मात्र वाटतं, आपण सगळे मिळून नक्की मोजतोय तरी काय!

काम तसं सरळ. लासूर स्टेशनकडच्या आणि फुलंब्रीकडच्या मेंढ्यांच्या कवटीचा आकार वेगळा आहे का, ते शोधायचं. वैशालीची पीएचडी त्यावरच. ती रोज फुलंब्रीहून बसनं यायची. तिची फेलोशिप मार्चअखेर संपत होती. तोवर थिसिस गेला नाही, तर गावाजवळच्या कॉलेजातली नोकरीही हातची जाणार होती.

* * *

माझा पहिला दिवस. सरांनी एक कवटी दिली. "तीनदा मोज."

मोजली. तीन वेळा तीन आकडे!

"सर, दर वेळी वेगळंच येतंय."

"मधल्या वेळात कवटी वाढली का?"

"नाही, सर."

"मग काय बदललं, ते वहीत लिही."

मी लिहिलं, 'मी'. सर इतके खूश झाले, की ते पान त्यांनी अख्ख्या डिपार्टमेंटला दाखवलं.

* * *

कवट्या उकळून साफ कराव्या लागतात. सरमिसळ नको म्हणून वैशालीनं गुलमंडीच्या बाजारातून दोरा आणला. लासूरला लाल, फुलंब्रीला हिरवा. उकळल्यावर सगळे दोरे एकाच मळकट रंगाचे! त्या पातेल्यातल्या सगळ्या कवट्या बाद. तीन महिन्यांची पायपीट गेली.

वैशाली भांडायला दुकानात गेली. "पक्का रंग है बोले थे ना!"

दुकानदार शांत. "कपडे पे पक्का बोला था, बाजी. मुंडी पे गॅरंटी कौन देता?"

ती हसत परत आली आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

* * *

सखाराममामा म्हणजे आम्हाला कवट्या देणारे फुलंब्रीकडचे धनगर. एकदा लॅबमध्ये आले. कॉम्प्युटरनं मापांवरून दोन कवट्या आलेखात अगदी दोन टोकांना टाकल्या होत्या. सर कौतुकानं दाखवत होते, "बघा मामा, किती वेगळ्या!"

मामांनी दोन्ही हातात घेतल्या, दातांवरून अंगठा फिरवला. "वेगळ्या कशाच्या? मायलेकी हायेत ह्या. कवळी ज्वारी खाल्ली, इख बाधलं अन् एकाच दिशी गेल्या. लई जीव होता माझा."

कवट्या टेबलावर ठेवून ते तसेच निघाले. चहासुद्धा घेतला नाही.

* * *

आता शेवटचा किस्सा.

वैशालीवरचा भार कमी व्हावा म्हणून लासूरच्या कवट्या सरांनी स्वतः मोजल्या होत्या. फुलंब्रीच्या तिनं. पण दिवाळीपासून सरांचा हात थरथरायला लागला होता. चहा बशीत सांडायचा. "हल्ली कप फार भरतात," सर म्हणायचे. आम्ही अर्धा कप द्यायला लागलो. विषय कुणीच काढला नाही.

फेब्रुवारीत थिसिसआधीची शेवटची तपासणी आली. ठरलेल्या दहा कवट्या तिघांनी पुन्हा पुन्हा मोजायच्या, आधीचे आकडे न बघता. कुणाला ओशाळं वाटू नये म्हणून आलेखात नावं घालायची नाहीत, हा सरांचाच नियम. वैशाली अ, सर ब, मी क. कुणाला कुठलं अक्षर, हे फक्त वैशालीला आणि मला माहीत.

आलेख पडद्यावर आला. अ आणि क यांचे ठिपके एकमेकांना चिकटून. ब चे सगळीकडे विखुरलेले.

सरांनी चष्मा वर केला. "हा ब कोण? असल्या हातावर पीएचडी उभी करायची? याची सगळी मापं रद्द!"

मी फरशीकडे बघत राहिलो.

"मी, सर," वैशाली म्हणाली.

सरांनी चष्मा खाली घेतला. मग आवाज एकदम मऊ झाला.

"मार्च हुकला तर हुकू दे. फुलंब्रीच्या सगळ्या कवट्या पुन्हा मोज. आणि रडतेस काय वेडे? नाहीच जमलं तर माझ्याकडे आण. मी मोजून देतो!"