महादेवाच्या वाटेवरचं तेल

चर्चच्या नव्या वेदीच्या अभिषेकाचं पवित्र सुगंधी तेल आचाऱ्याने वरणाच्या फोडणीत ओतलं, हे कळलं तेव्हा मी रागाने पेटले. देवणीजवळच्या आमच्या गावात पत्र्याच्या खोलीत प्रार्थना करत एक पिढी म्हातारी झाली, तेव्हा कुठे हे चर्च उभं राहिलं. त्याला जागा देणारे माझे अप्पा आजाराने पार खंगले होते. डॉक्टर नको म्हणत असताना मी त्यांना लातूरहून जीपमध्ये आडवं करून आणलं होतं, अभिषेक डोळ्यांनी बघायला मिळावा म्हणून. आणि कमिटीच्या अध्यक्षांनी ती बाटली ऊन लागू नये म्हणून ठेवली कुठे, तर मसाल्याच्या डब्यांजवळ. मांडवभर वरणाला अत्तराचा वास सुटला होता. वर तेच म्हणाले, "पुढच्या महिन्यात घेऊ कार्यक्रम."

पुढच्या महिन्यात अप्पा असणार होते का? मी म्हटलं, गावातलं तेल आणा, अभिषेकाला आलेले बिशपस्वामी इथेच ते पवित्र करतील.

अध्यक्ष म्हणाले, "जैतुनाचं, ऑलिव्हचं लागतंय, बाई. भजे तळायचं तेल देवाला लावता का?"

"देवाचं तेल वरणात गेलं, ते चाललं तुम्हाला?" मी सगळ्यांदेखत विचारलं. खरं तर मी देवावरच चिडले होते. या माणसाने तुला जागा दिली आणि तू त्याला एवढंही दाखवू नयेस?

दारात एक अनोळखी लिंगायत बाई उभी होती. कपाळाला विभूती, हातात पितळी तांब्या. सोमवार होता, महादेवाच्या दिव्याला घाण्यावरचं करडईचं तेल घेऊन निघालेली ती मांडव बघून थांबली होती. आमचं भांडण तिने सगळं ऐकलं होतं. तांब्या माझ्या हातात देत ती म्हणाली, "देवालाच निघालं होतं, अक्का. देवालाच जाऊ द्या."

अध्यक्ष आडवे आले. बिशपस्वामींनी त्यांना थांबवलं. म्हणाले, "जैतुनाच्या मुलखातल्या बायाही त्याच तेलात स्वयंपाक करायच्या. देवळं नव्हती तेव्हा माणसं घरातलंच तेल दगडावर ओतून म्हणायची, हा आता देवाचा." मग त्या तेलावर प्रार्थना करून त्यांनी ते तळहाताने वेदीवर चोळलं.

अप्पांना आम्ही खुर्चीसकट पुढे नेलं. ओल्या दगडावर बोटं फिरवून त्यांनी ती नाकाशी नेली. "करडीचं हाय," म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी हसले.

पुढचा महिना त्यांनी पाहिला नाही. त्यांची शवपेटी त्याच वेदीसमोर ठेवली होती.

अध्यक्षांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. रोज प्रार्थनेत तो आहे तसा देवापुढे ठेवते, पुढचं त्याने बघावं. ती बाई मात्र पुन्हा दिसली नाही. त्या सोमवारी महादेवाचा दिवा कशाने लागला असेल, हे मनात येतं आणि डोळे भरतात. म्हणून गावी गेले की घाण्यावरून करडईचं तेल घेते, आणि चर्चला जाण्याआधी महादेवाच्या पायरीवर ठेवून येते.