कोरड्या चकत्या

सावळारामबद्दल लिहायचं तर आधीच सांगून टाकतो, मला त्याचा राग येतो. माया आहे, पण राग जास्त. मी एसटीत कंडक्टर होतो; रिटायर झालो तरी जळोचीत सगळे अजून मला मास्तरच म्हणतात. गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाचा मला जन्मभर तिटकारा. चढायचं तर चढा, नाहीतर उतरा, मागच्यांचा खोळंबा कशाला करता? हा गडी मात्र दोन वर्षं दारातच उभा होता.

तो आमच्या शेजारच्या बंगल्याच्या आवारात राहतो. बंगला आनंद वकिलांचा. आनंदचे वडील, म्हणजे तात्या, यांनी कधीकाळी एका संस्थानिकाच्या नातवाकडून आता शंभरीला टेकलेली विलायती मोटार विकत घेतली आणि तिच्यासाठी विशीतल्या सावळारामला ठेवून घेतलं. सावळारामची बायको गेली तेव्हा त्याची लेक रेश्मा जेमतेम चालायला लागली होती. पोरीला त्याने एकट्याने वाढवलं. तिची वेणी घालताना मी त्याला पाहिलेलं आहे, आणि वेणी बरी घालायचा. आनंदची आई, पद्माकाकू, पोरीला अडीअडचणीला आपल्या घरात जेवायला बसवायच्या. पुढे तात्या गेले, आनंद पुण्याला वकिली करायला लागला, पण गाडी राहिली आणि गाडीबरोबर सावळारामही राहिला.

त्याला अडवून ठेवलं ते गाडीच्या शॉकअपनी. आताच्या गाडीच्या शॉकअपमध्ये नळी असते आणि नळीत तेल असतं. ही गाडी त्याच्या आधीची. तिच्या प्रत्येक चाकापाशी अडकित्त्यासारखे दोन लोखंडी हात आहेत. एक वर सांगाड्याला बांधलेला, दुसरा खाली चाकाच्या दांड्याला, आणि दोघांच्या सांध्यात लाकडाच्या कोरड्या चकत्या एका नटाने आवळलेल्या. चाक खड्ड्यात गेलं की हात मिटतात, उघडतात, चकत्या घासतात आणि स्प्रिंगच्या पाट्यांची उसळी त्या घासण्यात जिरून जाते. नट सैल असला तर गाडी झुलते, जास्त आवळला तर बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात. मग कोण किती वजनाचं बसणार ते बघून सावळाराम पाना घेऊन खाली वाकायचा. पद्माकाकूंचे भाऊ आले की त्यांच्या देखतच अर्धा फेरा जास्त द्यायचा. ते बिचारे दुसरीकडे बघायचे.

"हे दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाय," हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की एखाद्या दिवशी तो बोलला नाही तर मीच त्याच्या वतीने म्हणायचो.

रेश्मा लग्न होऊन लोणी देवकरला गेली. नवरा संभाजी तिथल्याच एका कारखान्यात, आणि हीसुद्धा दुसऱ्या कारखान्यात लागली. योगायोग बघा, तिचं काम मोटरसायकलच्या शॉकअपमध्ये तेल भरायच्या मशीनवर. बाळ झालं, मुलगी. रजा दसऱ्यापर्यंतची. संभाजीचे आईबाप हयात नाहीत, बाळाला बघायला घरात दुसरं कुणी नाही. दोघांच्या पाळ्या एकाच वेळी पडायच्या. लग्न झाल्यापासून दोन वर्षं रेश्मा बापाला राहायला बोलावत होती; आता तिने सरळ विचारलं, की तुम्ही आमच्याकडे या, मला सांभाळलंत तसं हिला सांभाळा, नाहीतर मला नोकरी सोडावी लागेल. नोकरी तिला जिवापाड प्रिय. स्वतःच्या पगारातून तिने बापाला ऐकायचं मशीन घेऊन दिलं होतं. तो ते डब्यात ठेवायचा.

सावळाराम जाणार म्हणायचा. त्याला मनापासून जायचं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. नातीचा फोटो तो मला दिवसाआड दाखवायचा. आधी म्हणाला, वकीलसाहेबांच्या लेकीचं, स्वरदाचं लग्न होऊ द्या, नवरी या गाडीतून जायचीय. मग म्हणाला, गणपती होऊ द्या. मग दसरा. आनंदने गाडी शिकायला रणजित नावाचा ड्रायव्हर पाठवला, चांगला हुशार पोरगा. दोन दिवसांत सावळारामने त्याला हाकललं. म्हणे हात जड आहे. मी म्हटलं, तुझा हात काय जन्मतः हलका होता का? तर माझ्याशी चार दिवस बोलला नाही.

त्याला कुणी डांबून ठेवलं नव्हतं हो. आनंद कधी चढ्या आवाजात बोलला नाही. "काका, तुमच्याशिवाय कोण आहे हिला?" एवढंच म्हणायचा, तेही प्रेमाने. तेवढ्यावर सावळाराम पुढचे सहा महिने जागचा हलायचा नाही. रात्री माझ्या ओट्यावर बसून मात्र म्हणायचा, "मास्तर, जीव गुदमारतोय हितं." काय करायचं अशा माणसाचं?

खंडेनवमीला रेश्मा बाळाला घेऊन आली. रजेचे शेवटचे दिवस. येताना संभाजीही होता, पूजा आटोपून त्याला पाळीवर परतायचं होतं. सावळाराम झेंडूची फुलं आणायला बाजारात गेला, तेवढ्यात या दोघांनी गाडी धुतली, पुसली. हलवली की चारी चाकांपाशी कुरकुर वाजायची. रेश्माला वाटलं, बापाचं वय झालं, कानाला कमी ऐकू येतं, सांधे कोरडे पडलेत ते त्यांच्या ध्यानातच आलं नसेल. जिचे दिवसच शॉकअपमध्ये तेल भरण्यात जातात, तिला दुसरं काय वाटणार? तिने तेलाचं बुधलं घेऊन चारी सांध्यांत भरपूर तेल सोडलं. संभाजीने गाडी दाबून दाबून वरखाली हलवली. कुरकुर पार थांबली. मी कुंपणापलीकडून बघत होतो आणि मलाही ते बरंच वाटलं. पूजेचा दिवस, हत्याराला तेलपाणी करायचाच दिवस. बापाला उद्या गंमत दाखवू म्हणून ती गप्प राहिली.

दसऱ्याला संध्याकाळी गाडी कोऱ्हाळ्याच्या मळ्यापर्यंत न्यायची आणि तिथे सोनं वाटायचं, ही तात्यांनी घालून दिलेली रीत. मागे आनंद, पद्माकाकू आणि काकूंनी आग्रहाने बसवलेली रेश्मा, मांडीवर बाळ. पुढे सावळाराम आणि मी. निघताना त्याने चारी नट सवयीने आवळले; कुरकुर थांबलीय हे त्याच्या कानांना कळलं नाही. गावातून ढोलताशांच्या गर्दीत सावकाश निघालो, तोवर सगळं सुरळीत होतं.

कोऱ्हाळ्याच्या अलीकडे रस्ता मोकळा लागला. उसाच्या ट्रॅक्टरांनी डांबराचे उंचवटे केलेले, आणि त्यातच एक गतिरोधक, पट्टे पुसलेला. गाडी त्यावरून उडाली आणि खाली येऊन थांबली नाही. पुन्हा उडाली, पुन्हा उडाली, मागचा भाग डावीकडे झुलला आणि आम्ही रस्ता सोडून उसाच्या बांधाला जाऊन टेकलो. पद्माकाकूंचं कपाळ टपाच्या दांडीवर आपटलं. बाळ टाहो फोडून रडायला लागलं. रेश्माने त्याला असं घट्ट धरलं होतं, की सोडवून बघायला मला तिची बोटं उकलावी लागली. बाळाला काही झालं नव्हतं. काकूंच्या कपाळाला टेंगूळ आलं.

आनंद खाली उतरला. आईजवळ गेला, बाळाजवळ गेला, मग सावळारामपुढे उभा राहिला. "काका, आता बास," तो म्हणाला. "ही गाडी थकली. पुण्यात एक जण जुन्या गाड्यांचं संग्रहालय करतोय, त्याला देऊन टाकतो. तुम्ही रेश्माबरोबर जा. आम्ही तुम्हाला फार वर्षं अडकवून ठेवलं, माझं चुकलंच."

मी रेश्माकडे पाहिलं. घाबरलेली होती, तरी चेहरा उजळला. दोन वर्षं जे मागत होती, ते रस्त्याच्या कडेला हातात येऊन पडलं होतं. सावळारामने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. एवढंच. मी मनातल्या मनात म्हणत होतो, चढ, बाबा, चढ.

तो मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसला. सांध्यातून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. बराच वेळ तसाच बसून होता. त्याला कळलं होतं, आणि आपल्याला काय मिळतंय तेही कळत होतं. एवढा वेळ उगाच लागत नाही.

"गाडीचा दोष न्हाय, साहेब," तो उठत म्हणाला. "चकत्यांना तेल लागलंय, घासतच न्हाईत. धुऊन वाळवल्या की पयल्यावानी व्हतीय."

तेल कुणी घातलं, असं आनंदने विचारलं. रेश्मा म्हणाली, मी.  आनंदच्या जिवात जीव आला. तात्यांची गाडी राहणार होती. त्याने सावळारामचे दोन्ही हात धरले. सज्जन माणूस, त्याने विचारलंही, की मग तुमच्या जाण्याचं काय? आणि सावळाराम म्हणाला, दिवाळी झाल्यावर बघू.

रेश्मा बाळाला थोपटत जवळ आली. आवाज अजिबात चढवला नाही. "आबा, मी तेल घातलं ते न कळता घातलं," ती म्हणाली. "तुमी बोलला ते कळून बोलला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बसवायला आम्ही बारामतीच्या स्टँडवर गेलो. सावळाराम आपली बॅग घेऊन आला होता. रात्रभर विचार करून भरली होती म्हणे. माझा आनंद गगनात मावेना. इंदापूरची गाडी लागली. त्याने बॅग वर ठेवली, नातीला मांडीवर घेऊन सीटवर बसला. मी खिडकीतून त्याला हात केला. कंडक्टर बेल मारायच्या बेतात असताना हा उठून खाली उतरला. चकत्या पेट्रोलमध्ये भिजत ठेवल्यात म्हणाला, उन्हात फिरवल्या नाहीत तर वाकड्या वाळतील, त्या बसवतो आणि परवा येतो. बॅग राहू दे तिकडंच. रेश्माने मान हलवली. दार लागलं.

परवाचा दिवस आला आणि गेला, हा काही गेला नाही. त्यानंतर लग्नाच्या दोन वराती ठरल्या. बॅग तिकडे, हा इकडे, आनंदने घेऊन दिलेल्या कपड्यांच्या दोन जोडांवर.

दिवाळी झाली आणि संभाजी बॅग घेऊन आला. आतले कपडे धुऊन, घड्या घालून ठेवलेले, वर एक नवा स्वेटर. रेश्माने नोकरी सोडली होती. तिने रागाचा एक शब्द पाठवला नव्हता, फक्त थंडी पडेल म्हणून स्वेटर पाठवला होता. संभाजी चहा पिऊन निघून गेला.

सावळाराम बॅग पायाशी घेऊन खाटेवर बसला होता. मला खूप बोलायचं होतं, शिव्याच द्यायच्या होत्या. पण तो रडत होता, आणि आपण रडतोय हे त्याला ठाऊकच नसावं.

"मास्तर," तो म्हणाला, "आता ती घरीच असती. पोरीला बघायला माझी गरज न्हाय. मला हितनं जायाला आता कारणच उरलं न्हाय."

बाहेरून रणजितने, त्याने हाकललेल्या त्याच ड्रायव्हरने, हाक मारली. पुढच्या वरातीला गाडीत किती माणसं बसतील, ते विचारायला आनंदने त्याला पाठवलं होतं. सावळारामने डोळे पुसले आणि त्याला आत बोलावलं.