वाचून दाखवा, मॅडम

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये मला शहाणपण शिकवायला कोणी यायला नको... मी असलं काही मानत नाही. आमच्या देहूरोडच्या घरात गंडेदोरे, उतारे, अंगात येणं हे सगळं आजोबांनीच बंद केलं. घरात बुद्धवंदना, आणि वडील कारखान्यात फिटर. "पुरावा दाखव" हे त्यांचं पेटंट वाक्य. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी खो-खो हसायचे. आता तुम्ही हसा, माझी काही तक्रार नाही.

आमचं ऑफिस चिंचवड स्टेशनजवळ, दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. गाड्यांचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांची एक संघटना आहे, तिची आकडेवारी आम्ही सांभाळतो. चाकण पट्ट्यातून कोणता माल, कोणत्या देशात, किती गेला – दर महिन्याला गोळा करायचं, जुळवायचं, बुलेटिन काढायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटतंय ना? करायलाही तसंच आहे.

एकदा एका कंपनीने नगांच्या रकान्यात किलो भरून पाठवले. आमच्या बुलेटिनमध्ये एका एवढ्याशा बेटाने अख्ख्या युरोपापेक्षा जास्त बोल्ट मागवल्याचं छापून आलं! जी काही शोभा झाली म्हणता... तेव्हापासून माझा नियम. मेल आला तरी फोन करायचा. त्यांनी आकडा सांगायचा, आपण वाचून दाखवायचा, आणि समोरचा "बरोबर" म्हणाला की मगच एंट्री.

या नियमाने एक लग्नही जुळवलं. माझ्या शेजारच्या टेबलवर वैशाली बसते. चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला संदीप होता, मूळचा बीडचा, शांत. त्याचे आकडे ही घ्यायची. आणि ही बया मुद्दाम चुकीचं वाचायची! तो बिचारा पुन्हा सांगायचा, ही पुन्हा चुकवायची. शेवटी तो हसायचा, "मुद्दाम करताय ना, मॅडम?" ती मग बरोबर वाचायची. तो म्हणायचा, "बरोबर. ठेवतो." असं करत करत वर्षभरात पत्रिका छापली. लग्नानंतर त्या कंपनीचे आकडे मी माझ्याकडे घेतले. नवऱ्याचे आकडे बायकोने तपासायचे, हे माझ्या ऑफिसात चालत नाही.

गेल्या उन्हाळ्यात संदीप गेला. कंपनीत जाताना तळेगाव रस्त्यावर बाइक घसरली. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. वैशाली महिनाभराने कामावर आली आणि एकच गोष्ट सारखी सांगत राहिली. सकाळी तो दारातून "निघतो गं" म्हणाला, ही पोळ्या करत होती, एक्झॉस्ट फॅन चालू होता. "ऐकू आलं होतं मला ताई. पण म्हटलं, रोजचंच आहे. ओ सुद्धा दिली नाही." मी पाण्याचा ग्लास पुढे करायचे, बस्स.

पावसाळ्यातली गोष्ट. भरदुपार, जेवणं उरकलेली, बुलेटिनची घाई. वैशाली रजेवर. लँडलाइन वाजली. "नमस्कार मॅडम, लिहून घ्या." मागे फोर्कलिफ्टची पीं-पीं. मी मान खाली घालून लिहिलं, वाचून दाखवलं. "बरोबर. ठेवतो." फोन ठेवला, आणि मग डोक्यात शिरलं – हा तर संदीपचा आवाज!

तुम्ही म्हणाल, भास. मीही तेच म्हटलं. संध्याकाळी त्या कंपनीत संदीपच्या जागी आलेल्या कोमलला फोन लावला. तिने आकडे सांगितले – तेच! एकूण एक. "आधी कोणी फोन केला होता का गं?" तर म्हणाली, "नाही हो मॅडम. माझी बेरीज तर आत्ता संपली." संदीपच्या टेबलवरची लाइन कधीच काढून टाकलेली. कोणीतरी चावटपणा करतंय म्हणून मी शिव्या हासडल्या आणि गप्प बसले. वैशालीला काय सांगणार होते, कपाळ?

पुढच्या महिन्यात, पुन्हा दुपारी, पुन्हा तीच रिंग. माझं नशीब असं की वैशाली समोरच बसलेली. "नमस्कार मॅडम, लिहून घ्या." मी काही बोलायच्या आत तिने माझा चेहरा पाहिला. मग रिसीव्हरमधून झिरपणारा आवाज ऐकला. उठली, माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. मी स्पीकरचं बटण दाबलं. का दाबलं, देव जाणे... म्हणजे, तेही मी मानत नाही.

"संदीप, मी वैशाली."

"जर्मनी. ब्रॅकेट. अठरा हजार नग."

"अहो, मी वैशाली बोलतेय! ओळखलं नाही का?"

"वाचून दाखवा, मॅडम."

रागावलेला नाही, रडका नाही. कामातला माणूस बोलतो तसा. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी काय करू? फोन कापू? कापायचा मला काय अधिकार? मग तिने डोळे पुसले, आणि बोलली, "जर्मनी. ब्रॅकेट. अठ्ठावीस हजार."

"नाही मॅडम, चुकलं. अठरा. पुन्हा लिहा."

"अडतीस."

"अठरा, मॅडम."

पोरगी मुद्दाम चुकत होती. तो हसेल, "मुद्दाम करताय ना" म्हणेल, याची वाट बघत होती. बरोबर म्हटलं की तो फोन ठेवणार, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. म्हणून ती नगांचे किलो करत होती, जर्मनीचं जपान करत होती. आणि तो दरवेळी तितक्याच शांतपणे दुरुस्त करत होता. खाली दवाखान्यात दात कोरायचं मशीन घरघरत होतं. मी आयुष्यभर लोकांना नियम शिकवले, आणि तिथे खुर्चीला धरून नुसती उभी होते.

किती वेळ गेला माहीत नाही. हळूहळू त्याचा आवाज दमला. पीं-पीं थांबली होती. मग म्हणाला, "मॅडम, गाडी भरून उभी आहे हो... बरोबर लिहा ना. मला निघू द्या."

वैशालीने ओठ घट्ट दाबले. मला वाटलं, आता ही पुन्हा चुकवणार. मनात म्हटलं, चुकव गं, बुलेटिन गेलं खड्ड्यात. पण तिने पदर सावरला, ताठ उभी राहिली आणि एकेक शब्द नीट वाचला. "जर्मनी. ब्रॅकेट. अठरा हजार नग." आणि मग हळूच, "हं. या."

"बरोबर. ठेवतो."

त्यानंतर तो फोन आला नाही. टेलिफोनवाल्यांकडे चौकशी केली, त्या दुपारी आमच्या लाइनवर कॉलच नोंदलेला नाही म्हणे. कोमलचे आकडे त्याही महिन्यात तंतोतंत तेच निघाले. वडिलांना सांगितलं, पुरावा मागतील वाटलं, तर ते माझ्या पाठीवरून हात फिरवून आत गेले. कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, पण कृपा करून शांती करा, नारळ फोडा असलं सांगू नका.

वैशाली कामावर येते. चुकत नाही, एकदाही नाही. फक्त महिनाअखेरीला दुपारी लँडलाइन वाजली की हातातलं काम टाकून ती फोन उचलते. पलीकडे कुठलातरी दुसरा डिस्पॅचवाला असतो. ती आकडे घेते, वाचून दाखवते, ठेवते. परवा असाच फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"ताई, मी अजून थोडं चुकले असते तर?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला.