बाप्पा कुठल्या गाडीत बसणार?

नव्वदच्या दशकात पेणला आमचा गणपतीचा कारखाना होता. मला दरवर्षी काहीतरी नवीन करायची खाज, आणि बाबांना माझ्या डोक्यातलं ते खूळ एकदाचं उतरवायचं होतं. "यंदा एक नमुना तुझा," ते म्हणाले. "व्यापाऱ्यानं घेतला तर ऱ्हा इकडंच. नाय तर डोलवीला कंपनीत लागायचं. मी शब्द टाकून ठेवलाय."

कंपनीचं नुसतं नाव काढलं तरी मी उठून बाहेर जायचो.

बाप्पाला गाडीत बसवायचं मी ठरवलं. गाड्या दोन होत्या, त्याही रोह्याला मामाकडे, एका परदेशी मासिकात. मामा तिथल्या एका गेस्ट हाऊसमध्ये कामाला होता आणि कुणी गोरा इंजिनिअर ते विसरून गेला होता. दोन्ही गाड्या जुन्या, मोजक्याच बनलेल्या. पिवळी इटालियन तारेनं माती कापावी तशी पुढून धारदार, दारं उभी आभाळाकडे उघडणारी. रुपेरी जर्मन तिच्याहून जुनी, सगळी गोलाईची, तिच्या दारांच्या बिजागऱ्या छपराला. "मासिक घरातून हलणार नाय," मामानं बजावलं. म्हणून मी उठसूट एसटीनं रोह्याला.

परतताना नागोठण्यापर्यंत इटालियन पक्की असायची, वडखळ येईस्तोवर जर्मन. जेवणात लक्ष नाही, कुणी हाक मारली की अंगावर धावून जायचो. कारखान्यात मातीत दोन्ही करून पाहिल्या. मनात भरली होती इटालियनच, पण ती एवढी बुटकी की बाप्पाचा मुकुट छपरातून बाहेर! छप्पर कापलं तर गाडीचा जीवच गेला. साच्यातून काढताना तिच्या धारा तुटायच्या त्या वेगळ्याच. जर्मन अलगद सुटायची. तिच्या दाराचा उंबरा रुंद, त्यावर बाप्पा ऐसपैस बसायचा आणि उघडं दार डोक्यावर छत्रासारखं यायचं. शेवटी वैतागून मी इटालियन मोडली आणि तिची माती जर्मनला लावली. तरी मन खातच होतं.

मुंबईचा जुना व्यापारी आला. नमुन्याभोवती फिरला, वाकला, चाकावरून बोट फिरवलं. मी त्याच्या मागे मागे फिरत राहिलो.

"काका, गाडी एक नंबर," तो बाबांना म्हणाला. "बाप्पा नको, नुसती गाडी द्याल? शोकेससाठी लोक उड्या मारतील."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आमच्या कारखान्यातून गणपतीशिवाय कधी काही बाहेर गेलं नव्हतं. कुणी बाहुली, पुतळा मागायला आलं तर बाबा त्याला चहा पाजायचे आणि हात जोडून वाटेला लावायचे. आताही ते चहाच सांगतील असं मी धरून चाललो. डोलवीचं गेट मला समोर दिसायला लागलं.

बाबांनी मातीचे हात लेंग्याला पुसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"देऊ," ते म्हणाले. "पोरगा इकडंच हाय. करील तो."