भिंतीतली भोकं

काका कमरेला बांबूची काडी खोचून फिरायचे. मी मशीनचा डबा उघडला की मागून आवाज यायचाच, “सायबानू, आधी पाणी काय म्हणता ता इचारा!”

अँटॉप हिलच्या उतारावर, मोठ्या संरक्षक भिंतीच्या पायथ्याशी त्यांची खोली. गिरणी बंद पडल्यापासून घरीच. आणि मी भूगर्भशास्त्रातला पदवीधर, भिंत केसभर सरकली तरी सांगणारं मशीन बसवायला सरकारने पाठवलेला. तुम्हीच सांगा, माझ्यासारख्याने पाण्याशी काय बोलायचं?

डोंगरातलं पाणी निघून जावं म्हणून अशा भिंतीत भोकं ठेवतात. काका रोज काडीने ती साफ करत. “गावाक डोंगर खाली येवच्या आधी व्हाळाचा पाणी गढूळ जाता, मगे बंद. आत तुंबता ना!” माझ्या पुस्तकांतही हेच होतं, पण इंग्रजीत. म्हणून ते शास्त्र.

मग बड्या पाहुण्यांची पाहणी ठरली. भिंतीवर ‘सुरक्षित वस्ती’ असं झोकात रंगवलं गेलं, आणि रंगावर ओघळ नकोत म्हणून भोकं सिमेंटने बुजवली. काकांनी दोन दिवस खपून सगळी परत फोडली. सरकारी भिंतीचं नुकसान केल्याबद्दल त्यांना नोटीस निघाली. सही माझी.

“कागद बरो जाड आसा,” काका म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवला.

त्या श्रावणात पाऊस तीन दिवस हटेना. चौथ्या सकाळी काका भिजत धावत आले. “पाणी बंद झाला! माणसां भायर काढा!”

मी मशीन पाहिलं. हालचाल शून्य. “काका, जरा थांबू या. आकडे येऊ देत.”

“तुमचा मशीन शिकलेला आसा, तेका घाई नाय!” म्हणत ते दारं ठोकत सुटले. कुणाला शिव्या घातल्या, कुणाच्या हातापाया पडले. दुपारपर्यंत सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या, आणि मग भिंत खाली आली. खोल्या गेल्या, माणूस एकही नाही. मशीनचा शेवटचा निरोप होता, सर्व ठीक.

अहवालात मी ऐटीत ‘पारंपरिक ज्ञान आणि आधुनिक विज्ञानाचा संगम’ असं लिहिलं. टाळ्याही मीच घेतल्या. सांगायला लाज वाटते, पण काकांची माफी मागायला काही गेलो नाही.

यंदा काका वारले. त्यांच्या नव्या घरी भेटायला गेलो, तर मुलीने ती नोटीस आणून माझ्या हातात ठेवली. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने रोजची नोंद होती. वाहता. वाहता. गढूळ. शेवटची ओळ त्या सकाळची.

“बंद. सायबाक सांगलंय. सायब मशीन बघतत.”