झाडलेला गाळा

लेथवर काम करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली सूतमास्तर म्हणायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या कामात सूतभर फरक निघाला तर मिशी उतरवीन, असं ते तरुणपणी एका गिऱ्हाइकाला म्हणाले होते. खरं तर लेथच्या कामात सूत म्हणजे डोंगर. पण नाव पडलं ते पडलं, आणि मिशीही शाबूत राहिली.

एकतीस वर्षं एकच गाळा, एकच लेथ. पंपाचे शाफ्ट, पिठाच्या गिरणीचे बुश, लिफ्टच्या पुल्या. डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. पहिल्याच वर्षी दारातून कुणीतरी हाक मारली, यांनी मान वळवली आणि लेथच्या फिरत्या चकाने आपला वाटा घेतला. तेव्हापासून दारात परका माणूस दिसला की मास्तर आधी मशीन थांबवत, मग बोलत. आणि कुणी येणार असल्याचं आधी कळलं, तर गाळा झाडून, मशीन पुसून ठेवत. त्यांच्या उस्तादाची शिकवण होती: घाणीत उभ्या असलेल्या कारागिराला कुणी चांगलं काम देत नाही.

मग शहराने ठरवलं की कारखाने आता शहरात नकोत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी नकाशावर एक नवा रंग फासला आणि ही गल्ली त्याखाली आली. इथे कचेऱ्या येणार, काचेची दुकानं येणार, लोकांना रुंद फुटपाथ मिळणार. वाईट काय त्यात? धुराने खोकणाऱ्यांना विचारा, तेही हेच म्हणतील. ज्यांचा गाळा चालू आहे त्यांना शहराबाहेरच्या वसाहतीत पर्यायी गाळा मिळणार होता. ज्यांनी गाळ्याचं गोदाम करून टाकलं होतं, त्यांना काहीच नाही. मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. लेथ तिथे चढणार नव्हती. पर्यायी गाळा मिळाला तर धंदा, नाहीतर छप्पन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या दारावर वॉचमन.

पाहणीची नोटीस आली, मंगळवारी अकराची. सोमवारी मास्तरांनी कोणतंही काम घेतलं नाही. लोखंडाचा कीस भरून दोन पोती बाहेर ठेवली, ती भंगारवाला लगेच घेऊन गेला. बायकोने फरशी साबणाने घासली. एकतीस वर्षांचं तेल, पण बाई हट्टाला पेटली होती. शेवटी फरशीचा मूळ रंग दिसला, तेव्हा दोघंही जरा हसली.

मंगळवारी मास्तर पॉलिश पेपर लावून एक जुना शाफ्ट चकाकवत होते. दारात पाहणीवाल्या बाई दिसल्या. मास्तरांनी मशीन थांबवलं, हात पुसले, स्टूल पुढे केलं.

"आज काम नाही वाटतं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही येणार होता ना, म्हणून घेतलंच नाही," मास्तर म्हणाले. अभिमानाने म्हणाले, हे सांगायला हवं.

बाईंनी चार बाजूंनी फोटो काढले, फॉर्म भरला, पाणीही न पिता निघाल्या. शेजारच्या वेल्डरच्या गाळ्यात ठिणग्या उडत होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी बाहेरूनच फॉर्म भरला.

यादी लागली. वेल्डरला गाळा मिळाला. मास्तरांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'वापरात नाही'.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मास्तर अपिलाला गेले. साहेबांनी फोटो पुढे सरकवला. "कीस कुठाय? तेल कुठाय?"

"झाडलं होतं."

"कशासाठी?"

"तुम्ही लोक येणार होता."

साहेबांनी विजेचं बिल मागितलं. मीटर चार गाळ्यांचा मिळून एक, तोही मूळ मालकाच्या नावावर. साहेब वाईट नव्हते. त्यांनी दोनदा पानं उलटली, मग फाइल मिटली.

मास्तरांना राग यायला हवा होता. आला नाही. जिने उतरताना त्यांनी पायऱ्या मोजल्या, बेचाळीस भरल्या. अंगात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं. घरी बायको म्हणाली, "मीच त्या फरशीला साबण लावला." तुझी चूक नाही, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "चहा ठेव."

वेल्डर आला, दारातच घुटमळला. "मास्तर, लेथ माझ्या नव्या गाळ्यात बसवू."

"दहा बाय दहाचा तुझा गाळा. सात फुटी लेथ आली की तू कुठं उभा राहणार?"

वेल्डर मान खाली घालून गेला.

गाळा रिकामा करायला उरलेले आठ दिवस मास्तरांनी मिळेल ते काम घेतलं. "आता झाडू नका हो," बायको म्हणाली, "कुणी बघितलं तर यादी बदलतीलही." तिने केरसुणी दाराआड ठेवली. कीस साठत गेला, घोट्यापर्यंत आला.

शेवटच्या दिवशी एकला लेथ न्यायला भंगाराचा ट्रक येणार होता, त्यानंतर पाडणारे. अकरा वाजता मास्तर गिरणीचा शेवटचा बुश कातत होते, बायको हत्यारं पोत्यात भरत होती. दारात त्याच बाई उभ्या राहिल्या, हातात ताब्यात घ्यायच्या गाळ्यांची यादी. मास्तरांनी मशीन थांबवलं.

बाईंनी कीस पाहिला. तापलेल्या बुशवरून अजून वाफ निघत होती.

"काका, तुम्ही त्या दिवशी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "आता यादी बंद झालीये."

"हो," मास्तर म्हणाले. त्यांनी बुश काढून कागदात गुंडाळला. मग दाराआडची केरसुणी घेतली.

"अहो, राहू द्या. दुपारी पाडणारच आहेत."

"माणसं यायचीत ना," मास्तर म्हणाले आणि लेथच्या खालून झाडायला लागले. बायकोने सुपली पुढे धरली.